माझदाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतात जिचं एकही शोरूम नाही अशा माझदा या जपानी गाडीवर तासभर बोलू शकणारा माणूस आमच्या नात्यागोत्यात मी एकटाच. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गच्चीवर, रात्री अकराला आलेल्या मेसेजवर तेच तेच प्रश्न येतात. एकदाची उत्तरं लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी जिलेबी गार होणार नाही.

उच्चार 'माझदा' की 'मात्सुदा'?

दोन्ही बरोबर. जपानमध्ये कंपनीला मात्सुदाच म्हणतात. त्यातला 'सु' जेमतेम ऐकू येतो. हे जुजिरो मात्सुदा यांचं आडनाव, कंपनी ज्यांनी उभी केली ते. रोमन लिपीत मात्र स्पेलिंग मुद्दाम 'माझदा' असं ठेवलं. का, तर अहुरा माझदा. हो, तोच, मुंबईत अग्यारीच्या भिंतीआड ज्याची प्रार्थना चालते तो पारशांचा परमेश्वर, प्रकाश आणि शहाणपणाचा देव.

आता आपल्या घरची गंमत. भाषेचे अभ्यासक सांगतात की अवेस्तातला 'मझ्दा' आणि संस्कृत 'मेधा' एकाच मुळाचे. 'अहुर' आणि 'असुर' हीसुद्धा तशीच जोडी. म्हणजे तुमच्या वर्गातली मेधा आणि हिरोशिमाची ही गाडी लांबच्या का होईना, नात्यात आहेत. शिवाय हिंदीवाल्यांना या नावासाठी ज खाली टिंब द्यावं लागतं. आपल्याला 'माझा' मधला झ तयारच आहे.

मग माझदाचे बल्ब याच कंपनीचे होते का?

नाही. ते नाव अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकने १९०९ मध्ये दिव्यांसाठी घेतलं होतं. प्रकाशाचा देव, दिव्याला शोभणारं नाव. गाडीशी संबंध तेवढाच.

ही कंपनी आधी बुचं बनवायची, हे खरं?

खरं. ३० जानेवारी १९२० रोजी हिरोशिमात 'तोयो कॉर्क कोग्यो' सुरू झाली, कॉर्कच्या वस्तू बनवायला. पुढच्याच वर्षी जुजिरो मात्सुदा तिचे अध्यक्ष झाले. कोळ्याचा मुलगा, लहानपणी ओसाकाला लोहाराच्या हाताखाली शिकलेला, आणि स्वतः शोधलेल्या पाण्याच्या पंपावर नाव कमावलेला. अशा माणसाला कॉर्कमध्ये किती दिवस रस राहणार? १९२७ मध्ये नावातून कॉर्क गळला, उरलं 'तोयो कोग्यो'. कारखान्यात यंत्रं आणि हत्यारं बनू लागली. 'माझदा मोटर कॉर्पोरेशन' हे नाव तर थेट १९८४ मध्ये आलं. तोवर माझदा हा गाडीवरचा शिक्का होता, कंपनी तोयो कोग्योच होती.

पहिली माझदा कोणती?

मोटार म्हणून शोधाल तर सापडणार नाही. १९३१ ची माझदा-गो ही तीनचाकी मालगाडी होती. पुढे मोटरसायकलचं तोंड, मागे लाकडी हौदा. आपल्याकडच्या जुन्या तीनचाकी टेम्पोची थोरली बहीण म्हणा. विक्री मित्सुबिशीच्या जाळ्यातून व्हायची. १९३६ मध्ये जाहिरातीसाठी या तीनचाक्यांचा ताफा दक्षिणेच्या कागोशिमाहून टोकियोपर्यंत चालवत नेला: २,७०० किलोमीटर, २५ दिवस. तेव्हाचे रस्ते लक्षात घेता ही जाहिरात कमी आणि शर्यत जास्त होती.

माणसं बसवायची पहिली मोटार यायला १९६० उजाडलं. आर३६० कूपे: इवलीशी, ३५६ सीसी, ३८० किलो वजन, किंमत ३ लाख येन.

हिरोशिमात म्हणजे... बॉम्ब पडला तेव्हा कारखान्याचं काय झालं?

हा प्रश्न लोक जरा दबकत विचारतात. उत्तर सरळ देतो, कारण ते ठाऊक नसेल तर ही कंपनी पुढे जशी वागली ते नीट कळत नाही.

कारखाना फुचू गावात आहे, चहूबाजूंनी हिरोशिमा शहराने वेढलेलं पण कागदोपत्री वेगळं गाव. बॉम्ब फुटला त्या जागेपासून सुमारे ५ किलोमीटर. मध्ये हिजियामा नावाची टेकडी. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी ८ वाजून १५ मिनिटं. टेकडीने स्फोटाचा बराच मार अंगावर घेतला आणि इमारती उभ्या राहिल्या. शहरात कामावर गेलेले कंपनीचे अनेक कामगार मात्र परतले नाहीत. तो दिवस जुजिरो मात्सुदांचा वाढदिवस होता. ७० वर्षं पूर्ण झाली होती.

उभ्या राहिलेल्या त्या इमारतीत मग प्रांताचं सरकारी कामकाज आलं, आकाशवाणीही आली. जवळपास वर्षभर हिरोशिमाचा कारभार एका मोटार कंपनीच्या कचेरीतून चालला. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीनचाक्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. मोडलेल्या शहराला विटा, लाकूड, धान्य वाहायला तेच हवं होतं.

एक गोष्ट झाकून ठेवू नये: युद्धाच्या काळात याच कारखान्यात जपानी सैन्यासाठी रायफली बनत होत्या.

रोटरी इंजिन, रोटरी इंजिन म्हणतात ते नेमकं काय?

एक समोसा घ्या. तीन कोपरे, तिन्ही बाजू फुगीर. आता दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग उभी चिरा आणि आतली पोकळी बघा, कमरेत किंचित आवळलेली. त्या पोकळीत समोसा असा फिरवायचा की त्याचे तिन्ही कोपरे सतत भिंतीला टेकलेले राहतील. समोसा आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात, आणि फिरता फिरता प्रत्येक कप्पा मोठा होतो, लहान होतो. मोठा होताना पेट्रोल-हवा आत येते, लहान होताना दाबली जाते, ठिणगी पडते, भडका समोशाला पुढे ढकलतो, धूर बाहेर. झालं इंजिन.

नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, थांबतो. मिनिटाला हजारो वेळा. इथे थांबणं नाहीच, सगळं गोल. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, कनेक्टिंग रॉड नाही. समोशाची एक फेरी होते तेव्हा मधला शाफ्ट तीन फेऱ्या मारतो. म्हणून इंजिन आकाराने लहान, वजनाला हलकं आणि फेऱ्यांच्या मर्यादेच्या लाल रेषेपर्यंत असं चढतं की कानाला काही कळतच नाही. गाडीत त्यासाठी इशाऱ्याची पुंगी बसवावी लागली. १९९१ च्या आरएक्स-७ या रोटरी स्पोर्ट्स कारचं इंजिन १,३०८ सीसीचं. आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकएवढं. पण दोन टर्बो लावून त्यातून २५५ अश्वशक्ती काढली होती.

हे माझदाने शोधलं का?

नाही, शोध जर्मन: फेलिक्स व्हांकेल आणि एनएसयू कंपनी. जुजिरोंचे चिरंजीव त्सुनेजी मात्सुदा १९६० मध्ये एनएसयूच्या गावी, नेकार्सुल्मला गेले आणि १९६१ मध्ये करार झाला. जगातल्या बऱ्याच बड्या कंपन्यांनी पुढे हा परवाना घेतला. शेवटपर्यंत धरून बसली ती एकटी माझदा.

आणि घेतला का, तर भीतीपोटी. जपान सरकारच्या उद्योग खात्याच्या मनात तेव्हा मोटार कंपन्या मोजक्या गटांत एकत्र करायच्या होत्या. लहान कंपन्यांनी मोठ्यांच्या पदराखाली जायचं. हिरोशिमातल्या तीनचाकीवाल्यांना स्वतंत्र राहायचं तर इतर कुणाकडे नाही असं काहीतरी हातात हवं होतं. रोटरीकडे लोक वेड म्हणून बघतात. मला तो आधी जगण्याचा हिशेब वाटतो. वेड नंतर लागलं.

'सैतानाची नखं' हा काय प्रकार आहे?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न, जरा बसून ऐका.

जर्मनीहून नमुन्याचं इंजिन आलं. थोडा वेळ चालवून उघडलं तर आतल्या गुळगुळीत भिंतीवर आडवे ओरखडेच ओरखडे, जणू धुण्याच्या खरखरीत फळीसारखे. जपानी अभियंत्यांनी नाव ठेवलं: सैतानाच्या नखांचे व्रण. भर म्हणून एक्झॉस्टमधून तेलाचा पांढरा धूर.

१९६३ मध्ये रोटरीसाठी वेगळा विभाग काढला, प्रमुख केनिची यामामोतो. टोकियोच्या विद्यापीठातून शिकून आलेला हा माणूस युद्धानंतर याच कारखान्यात गिअरबॉक्स जुळवायला लागला होता. त्यांच्या हाताखालच्या चमूत ४७ जण. जपानमध्ये ४७ म्हटलं की एकच गोष्ट आठवते, धन्याच्या मृत्यूचा सूड घेणारे ४७ रोनिन म्हणजे धनी नसलेले सामुराई, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे. चमूला तेच नाव पडलं आणि माणसं त्या नावाला जागली.

दोष सापडला तो समोशाच्या कोपऱ्यांत. प्रत्येक कोपऱ्यावर भिंतीला घासणारी एक पट्टी असते, सील. पाटीवर खडू विशिष्ट कोनात धरून ओढला तर तो कसा टकटकटक उड्या मारतो? तसं ती सील भिंतीवर थरथरत होती, आणि प्रत्येक उडीचा एक व्रण. आधी सीलला आडवी-उभी भोकं पाडून ती थरथर मोडली; नंतर कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली सील बनवली, ती टिकली.

३० मे १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट ही गाडी विक्रीला आली, दोन रोटरवाली, म्हणजे दोन समोशांची. एकूण १,१७६ बनल्या. पुढच्या वर्षी ती जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगवरच्या ८४ तासांच्या शर्यतीत चौथी आली. ज्यांनी इंजिन शोधलं त्यांच्याच अंगणात. तिकडे एनएसयूच्या स्वतःच्या रोटरी मोटारीने इतका त्रास दिला की १९६९ मध्ये ती कंपनी आजच्या ऑडीत विलीन झाली.

ॲव्हरेज किती देते?

आलाच का प्रश्न! मराठी माणूस विचारल्याशिवाय राहणार नाही, आणि खरं सांगायचं तर तोच योग्य प्रश्न आहे. याच प्रश्नाने कंपनी बुडायला आली होती.

रोटरीत भडका उडतो ती जागा लांब आणि चपटी असते. उष्णता भिंतींत जिरते, थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. सीलना वंगण मिळावं म्हणून इंजिन थोडं तेलही मुद्दाम जाळतं. १९७० च्या सुमारास पेट्रोल स्वस्त होतं, कुणाला पर्वा नव्हती. माझदाने रोटरी जिथे तिथे बसवली: सेदानमध्ये, पिकअपमध्ये, अगदी २६ जणांच्या मिनीबसमध्येसुद्धा. आणि १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत रोटरी गाड्यांचे शहरातले आकडे लिटरला ५ किलोमीटरच्याही खाली निघाले. गोदामांत गाड्यांचे ढीग लागले.

मग वाचली कशी?

सुमितोमो बँक मध्ये पडली आणि कारभारात शिरली. कारखान्यातले हजारो कामगार, फिटर, कारकून, विक्रेत्यांकडे पाठवले गेले, गाड्या विकायला. आयुष्यभर पाना धरलेला माणूस टाय लावून दारोदार फिरतोय, हे चित्र मला सुटत नाही. १९७७ मध्ये तिसऱ्या पिढीचे कोहेई मात्सुदा अध्यक्षपदावरून गेले आणि घराण्याचा कारभार संपला. १९७९ मध्ये फोर्डने जवळपास २५ टक्के हिस्सा घेतला. आणि १९८० ची साधी, पुढच्या चाकांवर चालणारी फॅमिलिया तुफान खपली. जपानचा पहिला 'कार ऑफ द इयर' किताब तिचाच. रोटरीच्या कौतुकात तिचं नाव कुणी घेत नाही. घर चालवणाऱ्या थोरल्या बहिणीचं जे होतं, तेच तिचं.

रोटरी मात्र सोडली नाही. ॲव्हरेज आधीच्यापेक्षा ४० टक्क्यांनी सुधारायचं असं ठरवून काम केलं, आणि १९७८ मध्ये आरएक्स-७ आली.

ल माँ जिंकली ती गाडी हीच का?

नाही, ती ७८७बी, शर्यतीसाठीच बांधलेली. फ्रान्समधली ल माँ म्हणजे २४ तास न थांबता. जून १९९१ मध्ये ५५ नंबरची, केशरी-हिरव्या चौकटींची ही गाडी पहिली आली: ३६२ फेऱ्या, ४,९०० किलोमीटरहून जास्त. चार रोटर, ७०० अश्वशक्ती. नियमांत तिला ८३० किलो वजनाची सवलत मिळाली होती, मुख्य प्रतिस्पर्धी १,००० किलोचे. पुढे धावणाऱ्या मर्सिडीजचं इंजिन शेवटच्या काही तासांत तापलं आणि माझदा पुढे आली.

चालक तिघं: फोल्कर वायडलर, बेर्ट्रांड गाशो आणि जॉनी हर्बर्ट. शेवटी हर्बर्ट इतका वेळ आत बसला की गाडीतून उतरल्यावर कोसळलाच. शरीरातलं पाणी संपलेलं. विजेत्यांच्या चौथऱ्यावर तो पोचलाच नाही.

जपानी कंपनीचा तो पहिला विजय. दुसरी जपानी कंपनी, टोयोटा, तिथे जिंकायला २०१८ उजाडलं. आणि पिस्टन नसलेलं इंजिन तिथे पुन्हा कधी जिंकलं नाही. पुढच्या वर्षापासूनच्या नियमांत रोटरीला जागाच उरली नाही.

आरएक्स-७ भारी की एमएक्स-५?

पोस्टर लावायला आरएक्स-७. चालवायला एमएक्स-५, आणि यावर मी वाद घालणार नाही.

गोष्ट अशी. १९७९ मध्ये बॉब हॉल नावाच्या अमेरिकन पत्रकाराला यामामोतोंनी विचारलं की माझदाने काय बनवावं. त्याने फळ्यावर एक साधी, दोन जणांची, उघड्या छताची हलकी गाडी काढून दाखवली; पूर्वी इंग्रज बनवायचे तशी. इंग्रजांच्या त्या गाड्या गोड होत्या आणि सकाळी सुरू होतील याची खात्री नसायची. जपानी माणसाने तीच गाडी सकाळी सुरू होणारी बनवायची, एवढाच मुद्दा. फेब्रुवारी १९८९ मध्ये ती, म्हणजे एमएक्स-५, शिकागोच्या प्रदर्शनात आली. २००० मध्ये सर्वाधिक खपलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून गिनीज बुकात गेली, २०१६ मध्ये दहा लाखावी बाहेर पडली.

माझा मावसभाऊ ऑकलंडला असतो. न्यूझीलंडमध्ये जपानसारखंच स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून तिथे जपानहून जुन्या गाड्यांची रीघ लागलेली. त्याच्याकडे १९९० ची आहे. जपानमध्ये ती 'युनोस' नावाने विकायचे, तोच बिल्ला अजून नाकावर. मी हौसेने छत खाली ओढायला गेलो तर तो ओरडला, "अरे थांब, आधी चेन उघड!" मागची काच काच नसून जाड प्लॅस्टिक आहे, चेन लावलेलं, दप्तरासारखं. चेन न उघडता छत पाडलं की त्यावर कायमची घडी पडते. मग काचेच्या चौकटीवरचे दोन खटके सोडले आणि बसल्या जागेवरून एका हाताने छत मागे. पिहाच्या समुद्राकडे जाणारा वळणांचा रस्ता, दुसरा गिअर, तिसरा, परत दुसरा. गिअरचा दांडा मनगटाच्या हालचालीत बसतो, कोपर हलवावं लागत नाही. वेग साठच्या आसपास होता आणि मला दीडशेचा भास. मागून एक पाण्याचा टँकर आरामात येत होता, हेही सांगायला हवं.

'जिनबा इत्ताइ' म्हणजे काय?

घोडा आणि स्वार एकजीव. धावत्या घोड्यावरून बाण मारणाऱ्या धनुर्धराची कल्पना. त्याचे हात धनुष्यात गुंतलेले, घोड्याला मनातलंच कळायला हवं. एमएक्स-५ चे मुख्य अभियंता तोशिहिको हिराई यांनी हे सूत्र धरलं. जाहिरातीची भाषा वाटते ना? मलाही वाटली होती. पण यांच्याकडे त्याचा हिशेब ग्रॅममध्ये होतो. तिसऱ्या पिढीच्या गाडीत आतला आरसा साधा करून ८४ ग्रॅम वाचवले, आणि त्याची नोंद ठेवली. पहिली गाडी ९४० किलोची; २०१५ ची चौथी पिढी, सगळे सुरक्षेचे कायदे पाळून, सर्वांत हलक्या प्रकारात ९९० किलो. या काळात जगातल्या बाकीच्या गाड्या किती सुटल्या ते बघा.

फोर्डच्या ताब्यात असताना माझदाची माझदा राहिली का?

१९९० च्या दशकात जपानच्या अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला तेव्हा माझदा देशात पाच वेगवेगळ्या नावांच्या दुकानसाखळ्या चालवत होती. अंथरूण पाहून पाय पसरावे हे कुणी सांगितलं नसावं. १९९६ मध्ये फोर्डने हिस्सा ३३.४ टक्क्यांवर नेला आणि हेन्री वॉलेस अध्यक्ष झाले, जपानी मोटार कंपनीचा पहिला परदेशी प्रमुख. शिस्त आली, ते मान्य करायला हवं. २००८ च्या मंदीत फोर्डलाच पैशांची चणचण लागली, हिस्सा विकत विकत २०१५ पर्यंत ते पूर्ण बाहेर पडले. आता टोयोटाशी मैत्री आहे, साधारण ५ टक्क्यांची.

स्कायॲक्टिव्ह हे नुसतं स्टिकर आहे का?

नाही. फोर्ड दूर होऊ लागल्यावर हायब्रिडवर ओतायला पैसे नव्हते, म्हणून यांनी जुन्याच इंजिनाचं पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा उघडलं. पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा किती पट दाबायची तो आकडा, इतरांकडे १० ते १२ असताना १४ वर नेलं, आणि डिझेलचं १६-१८ वरून १४ वर आणलं. दोन्ही एकाच आकड्यावर! २०१२ ची सीएक्स-५ ही यावर पूर्ण उभी राहिलेली पहिली गाडी, आणि कंपनीचं पोट आज अशाच उंच गाड्यांवर भरतं.

तो लाल रंग?

काचेसारखा खोल दिसतो, कारण खाली प्रकाश परतवणारा थर आहे आणि वर पारदर्शक लाल. कारागिराचा हात यंत्रमानवाला शिकवून मारतात. ठिगळ लावताना छटा जुळवणं मात्र सोपं नाही, तेव्हा बोनेटवर दगड घेऊ नका. या रंगाच्या गाड्यांच्या वळणांमागे इकुओ माएदा. त्यांचे वडील मातासाबुरो माएदा यांनी पहिली आरएक्स-७ रेखाटली होती.

माझदात कोळी शिरतात ही अफवा आहे का?

अफवा नाही! २०११ मध्ये उत्तर अमेरिकेत माझदा-६ च्या सुमारे ६५,००० गाड्या परत बोलावल्या, कारण एका जातीचे पिवळे कोळी पेट्रोलच्या टाकीच्या हवेच्या नळीत जाळी विणत होते. पेट्रोलचा वास त्यांना आवडतो म्हणे. नळी तुंबली की टाकीला तडा जाण्याचा धोका. २०१४ मध्ये पुन्हा तेच. तोयो कोग्योच्या संस्थापकाचे वडील कोळी होते हा विनोद मराठीतच जमतो, जपान्यांना सांगून उपयोग नाही.

भारतात का येत नाही?

एकदा येऊन गेली, पण ट्रक-मिनीबसच्या रूपात. १९८० च्या दशकात पंजाब ट्रॅक्टर्सबरोबर स्वराज माझदा झाली. शाळेची बस, लग्नाच्या वऱ्हाडाची मिनीबस, भाजीचा ट्रक: तुमच्यापैकी कित्येक जण माझदात बसलेत, फक्त आठवत नाही. पुढे माझदा बाहेर पडली, २०११ मध्ये नाव एसएमएल इसुझु झालं, आणि २०२५ मध्ये मुंबईच्या महिंद्राने त्यात मोठा हिस्सा घेतला.

मोटारींचं म्हणाल तर हा माझा अंदाज समजा: वर्षाला बारा-तेरा लाख गाड्या बनवणारी कंपनी सगळीकडे पुरी पडू शकत नाही. आपल्याकडचा स्वस्ताईचा बाजार चार मीटरच्या आतल्या गाड्यांचा, आणि त्यांची सर्वांत लहान माझदा-२ सुद्धा त्या रेषेच्या जराशी बाहेर. मेलबर्नच्या मराठी मंडळाच्या पार्किंगमध्ये मात्र मोजत बसा. ऑस्ट्रेलियात २०११ आणि २०१२ मध्ये सर्वाधिक खपलेली गाडीच माझदा-३ होती.

हिरोशिमाला गेलो तर बघता येईल?

जरूर. हिरोशिमा स्टेशनवरून लोकलने मुकाइनादाला उतरायचं, दोन स्टेशनं. संग्रहालयासाठी आधी नोंदणी करावी लागते. मुख्य कचेरीतून बसने आत नेतात, कारण कारखाना किलोमीटरच्या किलोमीटर पसरलाय आणि मध्ये नदीवर कंपनीचा स्वतःचा पूल आहे. तीनचाकी, कॉस्मो, ७८७बी, सगळं हाताच्या अंतरावर. शेवटी काचेआडून चालू असेंब्ली लाइन दिसते. मी गेलो तेव्हा एकाच पट्ट्यावर पाठोपाठ एक उंच एसयूव्ही, मग पिटुकली एमएक्स-५, मग परत एसयूव्ही अशी वरात चालली होती, आणि एक माणूस प्रत्येक दाराला तीच रबराची पट्टी अंगठ्याने दाबत होता. डावीकडून उजवीकडे, मान वर न करता. आमच्या गटातल्या आजींनी त्याला हात केला. त्याने पाहिलं नाही.

संध्याकाळी वेळ असेल तर बेसबॉल बघा. गावचा लाडका संघ हिरोशिमा तोयो कार्प. त्यातला 'तोयो' तो तोयो कोग्योचाच.

रोटरी आता बनते का?

रोटरीवर धावणारी शेवटची गाडी, आरएक्स-८, २०१२ मध्ये थांबली. ११ वर्षांनी, २०२३ मध्ये, एमएक्स-३० च्या एका प्रकारात ८३० सीसीचा एक रोटर परत आला, पण चाकं फिरवायला नाही, बॅटरी चार्ज करायला. घरच्या जनरेटरचं काम. काही चाहत्यांना हा अपमान वाटला. मला वाटलं, पेन्शनीत निघालेला माणूस पुन्हा कामावर आला, पद कुठलं का असेना.

परदेशात आहे, जुनी आरएक्स-८ स्वस्तात मिळतेय. घेऊ?

स्वस्त का आहे ते आधी विचारा. इंजिन गरम असताना बंद करून पुन्हा सुरू करा. लगेच पकडलं नाही तर सीलमधून दाब गळतोय. रोटरीचं कॉम्प्रेशन मोजायला तिन्ही कप्प्यांचे वेगळे आकडे देणारं खास यंत्र लागतं, साध्या गॅरेजच्या गेजवर विश्वास ठेवू नका. आणि तेल दर दोन-तीन टाक्यांना तपासायची सवय नसेल, तर दुसरी कुठलीही गाडी घ्या.

एवढं सगळं सांगता, तुमच्याकडे कुठली माझदा आहे?

पाच इंच लांबीची. लाल आरएक्स-७, टेबलावर असते. खऱ्या गाडीसारखे हेडलाइट उघडत नाहीत. खाली पार्किंगमध्ये मारुती आहे, ती ॲव्हरेज चांगलं देते.